१६८७ चे घर आणि कालचे गवत: कावासाकीतील कितामुरा घराविषयी तीन प्रश्न

योकोहामात नोकरीनिमित्त राहणारे एक मराठी कुटुंब सुटीच्या दिवशी कावासाकी शहरातील ‘निहोन मिन्काएन’ हे जुन्या घरांचे खुले संग्रहालय पाहून आले. तेथील कितामुरा घराला १६८७ हे साल दिलेले त्यांनी वाचले. पण छपराचे गवत तितके जुने असणे शक्य दिसत नव्हते, काही खांबांना बुडाशी वेगळे लाकूड जोडलेले होते, आणि आत भर दुपारी जाळ केलेला असल्यामुळे मुलांच्या डोळ्यांना पाणी आले. तेव्हा हे घर खरोखर १६८७ चे म्हणायचे का, लाकडाच्या आणि गवताच्या घरात मुद्दाम विस्तव कशासाठी ठेवतात, आणि घर जपायचेच होते तर ते त्याच्या गावातून उचलून शहरात का आणले, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी सव्वीस वर्षे करीत आहे आणि जपानी शेतघरे हा माझ्या अभ्यासाचा जुना विषय आहे. उत्तर लांबणार आहे, कारण हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

प्रथम सालाविषयी. जपानमधील सामान्य लोकांच्या जुन्या घरांना ‘मिन्का’ म्हणतात, आणि त्यांतील शेतकऱ्यांच्या घरांचे बांधकामवर्ष बहुधा कोठेही लिहिलेले नसते. देवळाला दाता असतो, किल्ल्याला दप्तर असते. शेतकऱ्याच्या घराला दोन्ही नसतात. त्यामुळे अभ्यासकांना खांबांतील अंतरे, लाकूड तासण्याची पद्धत आणि खोल्यांची मांडणी यांवरून काळाचा अंदाज बांधावा लागतो. कितामुरा घर याला अपवाद आहे. त्याच्या लाकडावर शाईने लिहिलेला लेख सापडला आणि त्यावरून जोक्यो कालगणनेचे चौथे वर्ष, म्हणजे इसवी सन १६८७, निश्चित झाले. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती. हे घर मूळचे कानागावा प्रांतातील हदानो येथील. असे एक घर पक्क्या सालाचे मिळाले की शेजारच्या पंचक्रोशीतील बिनसालाची घरे त्याच्याशी ताडून पाहता येतात, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने त्याची खरी किंमत येथेच आहे.

आता हे घर नीट पाहू. चारही बाजूंनी उतरणारे जाड गवती छप्पर, आणि आत शिरताच ‘दोमा’, म्हणजे चोपून घट्ट केलेली मातीची जमीन. धान्य निवडणे, दोर वळणे, स्वयंपाक ही सगळी ओली आणि धुळीची कामे येथे चालत. दोमाला लागून उंचावर ‘हिरोमा’ ही मोठी खोली आहे. तिच्या जमिनीचा काही भाग फळ्यांचा आणि काही भाग नुसत्या बांबूच्या पट्ट्यांचा आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. बांबूची जमीन म्हणजे केवळ हौस नव्हे. रुंद फळी करवतून काढणे त्या काळी महाग काम होते आणि बांबू परसात होता. त्यावर चटया अंथरल्या की काम भागे. पाहुण्यांची खोली आणि भिंतींनी बंदिस्त केलेली निजण्याची खोली त्यापलीकडे आहे. भिंती म्हणाल तर आपल्या कुडाच्या जातीच्या: बांबूच्या कामट्यांची जाळी दोराने बांधून तिला दोन्ही बाजूंनी पेंढा मिसळलेल्या मातीचा गिलावा.

या घरातील प्रत्येक वस्तूचे आयुष्य वेगवेगळे आहे, आणि बांधणाऱ्यांना ते पुरते ठाऊक होते. खांब-तुळयांचा सांगाडा शतकानुशतके टिकावा अशा बेताने केलेला असतो. खांब दगडावर नुसते टेकवलेले असतात, आडव्या लाकडांना कुसू काढून ते खांबाच्या खाचेत बसवलेले असते आणि पाचर मारून आवळलेले असते. छपराचा सांगाडा मात्र दोराने बांधलेला असतो. दोन लांब तिरपी लाकडे वर एकमेकांवर टेकवून केलेल्या कैचीला ‘साशु’ म्हणतात. त्यावर बांबू, बांबूवर गवत, आणि हे सारे बांधायला भाताच्या पेंढ्याचा दोर. गवताचे आयुष्य वीस ते चाळीस वर्षे, आणि तेही गवताची जात, उतार, ऊन आणि धूर यांवर अवलंबून. सावलीतल्या पाख्यावर शेवाळ धरते, ते लवकर जाते. उन्हातले मागे राहते. म्हणजे १६८७ मध्ये ज्याने हे घर बांधून घेतले, त्याचे आयुष्य थोडे लांबले असल्यास त्याच्याच हयातीत छप्पर एकदा तरी पुन्हा शाकारावे लागले असणार. गवत नवे आहे म्हणून घर खोटे ठरत नाही. नवे गवत चढणे हा त्या घराच्या मूळ बेताचाच भाग आहे.

खांबांच्या बुडाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दगडावर टेकलेला खांब खालूनच ओल पितो आणि खालूनच कुजतो. वरचे लाकूड बहुधा ठणठणीत असते. अशा वेळी जपानी सुतार कुजलेला भाग कापतो, त्याच जातीचे लाकूड घेतो आणि दोन्ही तुकड्यांना एकमेकांत अडकणारे काप देऊन मध्ये लाकडी पाचर ठोकतो. या जोडाला खिळा लागत नाही, आणि तो नीट बसला तर भार पूर्वीसारखाच खाली जातो. आपण जे वेगळे लाकूड पाहिले ते हेच असावे. पुढच्या वेळी अशा जोडाजवळ बारकाईने पाहावे. जपानमधील संरक्षित इमारतींत नव्याने घातलेल्या लाकडावर दुरुस्तीचे वर्ष डागून ठेवण्याची प्रथा आहे, शक्यतो चटकन नजरेत न येणाऱ्या बाजूवर. नवे कोणते आणि जुने कोणते, याबाबत पुढच्या दुरुस्तीकाराची फसगत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. जुन्या लाकडाचा रंग देऊन नवे लाकूड लपवून टाकणाऱ्या आणि त्याची कोठेही नोंद न ठेवणाऱ्या दुरुस्त्या मी भरपूर पाहिल्या आहेत, काही दुर्दैवाने माझ्या सहभागाच्याही. त्यामुळे हा लहानसा डाग मला फार प्रामाणिक वाटतो.

येथे एका गैरसमजाविषयी बोलणे भाग आहे, कारण तो आपल्याकडील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही रुजलेला आहे. ‘जपानी लोकांना मूळ वस्तूचे महत्त्व नसते, ते घर पाडून तसेच नवे बांधतात आणि त्यालाच जुने म्हणतात’ असे सर्रास सांगितले जाते, आणि दाखला दिला जातो तो दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवस्थानाचा. इसेचे पुनर्बांधकाम हा धार्मिक विधी आहे आणि तो अपवाद आहे. राष्ट्रीय संरक्षणाखालील घरांची दुरुस्ती नेमकी उलट वृत्तीने होते. मोठ्या दुरुस्तीत घर पूर्ण सोडवतात. प्रत्येक लाकडाला त्याच्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात, प्रत्येक खाच मोजतात, आणि जे लाकूड चालण्यासारखे आहे ते त्याच जागी परत जाते. वीतभर कुजले असेल तर वीतभरच बदलायचे, अशी शिस्त असते. १९९४ च्या नोव्हेंबर महिन्यात नारा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वारसावास्तूच्या अस्सलपणाविषयी जो दस्तऐवज संमत झाला, त्याने अस्सलपणा ठरवताना रूप आणि साहित्य यांच्या जोडीला वापर, परंपरा, तंत्र आणि परिसर यांनाही स्थान दिले. त्याचा अर्थ साहित्याला किंमत नाही असा लावणारे लोक तो दस्तऐवज न वाचताच बोलत असतात.

तेव्हा कितामुरा घर १६८७ चे आहे काय? सांगाडा आणि मांडणी यांच्या बाबतीत मी निःशंकपणे होय म्हणेन. पण माझा एक आक्षेप आहे, आणि तो गवताविषयी किंवा जोडलेल्या लाकडाविषयी नाही. घर सोडवताना खांबांवर जुन्या भिंतींच्या रिकाम्या खाचा दिसतात, बुजवलेली भोके दिसतात, एके काळी दार सरकत असल्याची झीज दिसते. या खुणांवरून मूळ मांडणी उलगडता येते, आणि १९६०-७० च्या दशकांत जपानमध्ये रीत अशी पडली होती की मूळ रूप कळले की नंतरचे सारे काढून टाकून घर त्या रूपात परत आणायचे. कितामुरा घरही असेच आरंभीच्या रूपात उभे आहे. त्यामुळे आपल्याला सतराव्या शतकातील शेतघर इतके स्वच्छ दिसते ही गोष्ट खरी. परंतु त्यानंतर जवळपास पावणेतीनशे वर्षे ज्या पिढ्या तेथे राहिल्या, ज्यांनी खिडकी मोठी केली, बांबूच्या जागी फळी घातली, एखादी खोली वाढवली, त्यांचा माग त्या घरातून पुसला गेला. या निवडीचा टोकाचा नमुना कोबे शहराच्या उत्तरेकडील हाकोगी घर. लोक त्याला ‘हजार वर्षांचे घर’ म्हणतात. हजार हा आकडा आदराचा असला तरी जपानमधील सर्वांत जुन्या शिल्लक शेतघरांत त्याची गणना होते. धरणामुळे ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस हलवावे लागले. सोडवल्यावर असे आढळले की मुख्य घर आणि शेजारचे पाहुणेघर मुळात दोन वेगळ्या इमारती होत्या आणि पुढे एदो काळात त्या एका छपराखाली आल्या होत्या. पुन्हा उभारताना त्या वेगळ्या केल्या गेल्या. अभ्यासक म्हणून मला त्या दोन सुट्या इमारती पाहण्यात अपार रस आहे. दुरुस्तीकार म्हणून मात्र मला वाटते की त्यांना जोडणाऱ्या पिढीचा निर्णयही घराच्या इतिहासाचाच भाग होता.

लाकूड वाचायची सवय लावायची असेल तर अशा फार जुन्या घरांसारखा गुरू नाही. हाकोगी घराचे खांब रंध्याने गुळगुळीत केलेले नाहीत. त्यांवर वाकसाचे घाव ओळीने दिसतात, खवल्यांसारखे. तुळया सरळ नसतात. पाइनचे वाकडे लाकूड कमान वर करून बसवायचे म्हणजे ते भाराखाली सहज दबत नाही. पण प्रत्येक तुळईची वळणे वेगळी असल्यामुळे प्रत्येक जोड वेगळा आखावा लागतो. ज्या खालच्या लाकडांना ओल लागण्याची भीती असते, तेथे कुजण्यास दाद न देणारे चेस्टनटचे लाकूड अनेक ठिकाणी आढळते. जे जंगल जवळ होते त्यातून नेमके काय कोठे घालायचे, हे सुताराला पाठ होते.

आता धुराकडे वळू, कारण माझ्या मते तिन्ही प्रश्नांत महत्त्वाचा तोच आहे. जमिनीत चौकोनी खळगा करून त्यात राख भरलेली जी चूल आपण पाहिली तिला ‘इरोरी’ म्हणतात. तिच्यावर भांडे टांगण्यासाठी वरून आकडा लोंबत असतो आणि घराला धुराडे नसते. धुराडे नसणे हा अडाणीपणा असे समजणाऱ्यांनी छपराच्या आत वर चढून पाहावे. ऊब आणि धूर वर जातात, गवताच्या आतल्या बाजूला भिडतात आणि हळूहळू त्यातून झिरपत बाहेर पडतात. पावसाचे पाणी जाड गवताच्या वरच्या थोड्याच थरात भिनते. तो थर दोन सरींच्या मध्ये वाळला तर छप्पर टिकते, ओलाच राहिला तर कुजत आत शिरते. खालची ऊब हे वाळवण्याचे काम रोज करते. धुरातील काजळी आणि डांबरी अंश बांबूवर, दोरावर आणि लाकडावर बसून कठीण लेप तयार होतो, आणि कीड अशा ठिकाणी घर करीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या धूर खाल्लेला बांबू तपकिरी, चकचकीत होतो. जुनी घरे उतरवली की तो वेगळा काढतात आणि चहाविधीची उपकरणे बनवणारे कारागीर त्याला मोठी किंमत देतात. उतरवलेले काजळलेले गवत शेतात खत म्हणून जात असे, म्हणजे वायाही काही जात नव्हते.

यावरून हेही समजेल की या घराला सर्वांत मोठा धोका कोणता. विस्तव असण्यापेक्षा विस्तव नसणे हा दीर्घकाळचा धोका आहे. कुलूप लागलेले घर लवकर बसते, हे कोकणातील माणसाला सांगावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे: माजघरातील चूल बंद होऊन घरातील माणसे मुंबईस गेली आणि पाच पावसाळ्यांत वाशांचा भुसा हातात येऊ लागला, जरी त्या घराला कौले शाबूत होती. संग्रहालयाने घरातील माणसे हलवली म्हणजे नकळत चूलही हलवली. म्हणून तेथे स्वयंसेवक काही घरांत आळीपाळीने रोज इरोरी पेटवतात. आपल्या मुलांच्या डोळ्यांत गेलेला धूर हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हता, ते त्या दिवसाचे देखभालीचे काम होते. आगीची काळजी अर्थातच घ्यावी लागते. चूल भिंतीपासून लांब, सभोवती राखेचा थर, जाळ लहान, आणि डोंगराळ भागातील घरांत चुलीच्या वर एक मोठी लाकडी चौकट टांगलेली असते, तिने उडणाऱ्या ठिणग्या अडतात आणि धूर चोहीकडे पसरतो.

घर गावातून का आणले, याचे उत्तर त्या काळात आहे. शेतकऱ्याचे घर हा राष्ट्राचा ठेवा असू शकतो, हेच मुळी उशिरा मान्य झाले. ओसाका प्रांतातील हाबिकिनो येथील योशिमुरा घराला १९३७ मध्ये तत्कालीन कायद्याखाली संरक्षण मिळाले, आणि देवळे-किल्ले सोडून एखाद्या शेतघराला असे स्थान मिळण्याची ती पहिली वेळ होती. १९४९ मध्ये होर्युजी या प्राचीन मठाच्या मुख्य मंडपातील भित्तिचित्रे आगीत गेली. त्या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक ठेवा संरक्षण कायदा आला. पण कायदा एकेका इमारतीकडे पाहत होता आणि बाहेर देश झपाट्याने बदलत होता. १९५० आणि ६० च्या दशकांत धरणे झाली, शहरे गावांत शिरली, तरुण कारखान्यांत गेले, आणि गवती छप्पर दारिद्र्याची खूण ठरून त्यावर पत्रा चढू लागला. कावासाकीतील इतो घराची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ते १९६४ मध्ये संरक्षित ठरले, आणि ते योकोहामातील सान्केइएन या बागेत हलवण्याचा विचार चालू होता. आपल्या शहरातील घर दुसऱ्या शहरात जाऊ नये म्हणून कावासाकीत प्रयत्न झाले, त्यातून संग्रहालयाची कल्पना आकाराला आली आणि १९६७ मध्ये निहोन मिन्काएन सुरू झाले. आज तेथे पूर्व जपानातील वीसहून अधिक इमारती आहेत. आपण योकोहामात राहता, तेव्हा सान्केइएनही पाहावे. तेथील यानोहारा घर हे शोगावा नदीवर १९६१ मध्ये पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणामुळे गावातून हलवले गेलेले आहे. ते हलवले नसते तर आज पाण्याखाली असते. पर्याय ‘गावात की शहरात’ असा नव्हताच.

तरीही हलवलेले घर काही गोष्टी मागे सोडून येते हे नाकारता येत नाही. वारा कोणत्या बाजूने येई, झरा कोठे होता, शेत किती अंतरावर होते, गवत कोणत्या डोंगरावरून आणीत, या सर्वांना धरूनच घराचे तोंड आणि छपराचा उतार ठरलेला असतो. ते समजून घ्यायचे तर जेथे घरे जागच्या जागी राहिली तेथे जावे लागते, आणि त्यासाठी गिफू प्रांतातील शिराकावा-गोमधील ओगिमाची गावाला तोड नाही. शेजारच्या तोयामा प्रांतातील गोकायामा भागातील आइनोकुरा आणि सुगानुमा या दोन खेड्यांसह १९९५ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हाच्या नोंदीत ओगिमाचीत ५९, आइनोकुरात २० आणि सुगानुमात ९ अशी ‘गास्शो’ पद्धतीची घरे आहेत. गास्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराचा उतार साठ अंशांपर्यंत जातो, कारण तेथील बर्फ जड आणि ओले असते. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो ताउट १९३५ मध्ये ही घरे पाहून गेले आणि त्यांनी या रचनेतील तर्कशुद्धतेची मनापासून प्रशंसा केली, तेव्हापासून या खोऱ्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले.

ही घरे म्हणजे खरे तर एकावर एक ठेवलेल्या दोन इमारती आहेत. खालचा राहण्याचा मजला शिकलेल्या सुतारांनी खाचा आणि कुसवे घालून बांधलेला असतो. त्यावरचे प्रचंड छप्पर गावकऱ्यांनी स्वतः बांधलेले असते आणि त्यात खिळा नसतो. तिरप्या साशुंची खालची टोके तासून निमुळती केलेली असतात आणि ती तुळईच्या टोकावरील खळग्यात नुसती टेकलेली असतात. त्यामुळे वादळात छप्पर जरासे डोलते, पण खालच्या सांगाड्याला पिळत नाही. उतारावर वाढलेली झाडे बर्फाच्या रेट्याने बुंध्याशी वाकतात. तीच वाकलेली लाकडे हेरून तुळया केल्या आहेत. बांधण्यासाठी दोराबरोबर ‘नेसो’ वापरतात, म्हणजे एका झुडपाच्या ओल्या, पिळून मऊ केलेल्या फांद्या. ओल्या असताना त्या दोरासारख्या वळतात आणि वाळल्या की गाठ आणखी आवळते. ओगिमाचीत जवळजवळ सर्व घरांची आढी एकाच दिशेने, दरीला समांतर, उत्तर-दक्षिण आहेत. वारा छपराच्या अरुंद त्रिकोणी तोंडावर येतो, आणि पूर्व-पश्चिम उतरणाऱ्या दोन्ही पाख्यांना आळीपाळीने ऊन मिळून गवत व बर्फ दोन्ही वाळते-वितळते.

छपराखालचे मजले रिकामे नव्हते. तेथे रेशमाचे किडे वाढवीत; माळ्याची जमीन पट्ट्यांची, सच्छिद्र ठेवलेली असे, म्हणजे चुलीची ऊब वरपर्यंत पोचे. आणि जमिनीखाली, विशेषतः गोकायामात, सोरा तयार होत असे. चुलीजवळ खणलेल्या खड्ड्यात माती, रानगवत, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि मूत्र यांचे थर काही वर्षे कुजवत, मग ती माती पाण्याने धुऊन ते पाणी आटवीत; हा सोरा कागा संस्थानच्या बंदुकीच्या दारूसाठी जाई. इतक्या दुर्गम खोऱ्यात इतकी मोठी घरे कशी, याचे उत्तर भातशेतीत मिळत नाही, कारण भाताला तेथे सपाट जागाच थोडी. घर हाच तेथील कारखाना होता.

अशा घराचे एक पाखे शाकारायचे तर शेदोनशे माणसांचे एक-दोन दिवसांचे काम असते, आणि ते ‘युइ’ या पद्धतीने होत आले. याला इर्जिक म्हणावे असे प्रथम वाटते, पण अधिक जवळचा शब्द सावड हा आहे: आज तुमच्या छपरावर मी, उद्या माझ्या छपरावर तुम्ही, आणि कोणी किती माणसे, किती गवत, किती दोर आणले याची घराघरांत वहीत नोंद. भावनेपेक्षा हिशेब त्यात अधिक होता, आणि म्हणूनच ती पद्धत टिकली. गवताचे थर खालून वर चढवत जातात. दाबाच्या बांबूला दोराने आवळताना बाहेरचा माणूस मोठी लाकडी सुई छपरातून आरपार आत टोचतो, आतला माणूस दोर वाशाला वळसा घालून सुई परत देतो, आणि दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नसते.

संवर्धनाचा निर्णयही येथे प्रथम गावानेच घेतला. १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी संघटना स्थापून तीन नियम ठरवले: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. कायद्याने एकेकटे घर सोडून संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची तरतूद १९७५ च्या दुरुस्तीने केली आणि १९७६ मध्ये हे गाव त्या यादीत आले. आगीसाठी गावभर ५९ पाण्याच्या तोफा आहेत. उंचावरील टाकीतून उताराच्या जोरावर पाणी येते, आणि दर शरद ऋतूत त्यांची एकत्रित चाचणी होते, जिची छायाचित्रे आपण पाहिली असतील. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वाहनतळाजवळच्या दोन लहान छपऱ्या जळाल्या, तेव्हा शेजारची गवती घरे याच तोफांनी भिजवून राखली गेली.

मात्र जागच्या जागी जपणे म्हणजे सारे प्रश्न सुटले असे नाही. रेशीम गेले, सोरा गेला, त्यांच्या जागी पर्यटन आले; माळ्यावर किड्यांऐवजी जुनी अवजारे मांडलेली दिसतात. राहत्या घरात रोज धूर कोणाला हवा असतो? चूल वापरातून गेल्यावर छप्पर पूर्वीइतकी वर्षे टिकत नाही, ही तक्रार तेथेही आहे. सावडीची जागा बरीचशी पगारी शाकारणाऱ्यांनी घेतली आहे. आणि सर्वांत अवघड प्रश्न गवताचा आहे. छपरासाठी लागणारी उंच गवते, ज्यांना एकत्रितपणे ‘काया’ म्हणतात, आपोआप पुरत नाहीत. गावाच्या सामायिक गवताळ राखणीतून दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी ती कापावी लागतात, वाळवावी लागतात, साठवावी लागतात. काही वर्षे कापणी चुकली की तेथे झुडपे येतात आणि मग जंगल. घराला संरक्षित वास्तू म्हणून जाहीर करता येते, पण ज्या माळावरून त्याचे छप्पर येते तो माळ कोणाच्याही यादीत नसेल तर तीस वर्षांनी काय चढवायचे? २०२० मध्ये युनेस्कोने जपानमधील लाकडी वास्तूंच्या जतनासाठीची पारंपरिक कौशल्ये अमूर्त वारशात नोंदवली, त्यांत शाकारणीबरोबर गवत मिळवण्याच्या कौशल्याचाही समावेश आहे. इमारतीच्या जतनात गवत कापणाऱ्याला सुताराच्या बरोबरीने बसवणारी ती नोंद मला फार योग्य वाटली.

आपण मिन्काएनला पुन्हा जाल तेव्हा कितामुरा घराबरोबर दोन घरे एका दिवसात पाहावीत, शक्य तर थंडीत, जेव्हा धूर खाली रेंगाळतो. गोकायामातून आणलेले एमुकाई घर आणि शिराकावा-गोमधून आणलेले यामाशिता घर ही दोन्ही गास्शो पद्धतीची आहेत, पण पहिल्यात छपराच्या त्रिकोणी बाजूने प्रवेश आहे, तर शिराकावाच्या घरांत रीत वळचणीच्या बाजूने आत जाण्याची. एका खोऱ्यातील शेजारची गावे इतक्या मूलभूत बाबतीत का वेगळी झाली, हे मुलांना विचारून पाहावे. मग दोमात उभे राहून मान वर करावी. ज्या भागात काजळी काळी कुळकुळीत आहे आणि ज्या भागात लाकूड अजून पिवळसर आहे, त्यांच्यामधली रेषा शोधावी. त्या रेषेवरून फलक न वाचताही सांगता येते की कोणते लाकूड शेतकऱ्याच्या चुलीने काळे केले आहे आणि कोणते अजून स्वयंसेवकांच्या विस्तवाची वाट पाहत आहे.